‘न्यूड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: पुण्यात घोले रोडवरच्या कलादालनात मानवी देहाच्या कृष्णधवल छायाचित्रांचे प्रदर्शन लागणार आहे. पाट्या मराठीत हव्यात. ‘न्यूड’साठी नग्न, विवस्त्र की अनावृत? आणि ‘टोर्सो’ला ‘धड’ चालेल का?

‘धड’ आधी निकालात काढू. मराठीत धडाच्या मागोमाग ‘शीर’ येते. भिंतीवर ‘स्त्रीचे धड’ वाचले की पोलिसांचा पंचनामा आठवतो. शिल्पकार ‘टोर्सो’च म्हणतात, तोच ठेवा. नाहीतर दिसते ते लिहा: ‘पाठ आणि खांदे’.

‘न्यूड’ची अडचण वेगळी. इंग्रजीत तो शब्द नाम म्हणूनही चालतो, चित्राच्या एका प्रकाराचे नाव होतो. आपला ‘नग्न’ विशेषण आहे, तो देहाला लागतो. चित्रकलेत ‘नग्नचित्र’ खपून गेले. छायाचित्रणात मात्र ‘नग्न छायाचित्रण’ म्हटले की पुढच्याच पायरीला ‘नग्न छायाचित्रकार’ उभा राहतो, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाचेच कपडे गेले! विशेषण देहापाशीच ठेवा: ‘नग्न देहाचे छायाचित्रण’.

आता तिन्ही शब्दांचे वजन. ‘विवस्त्र’मध्ये एक घटना दडलेली आहे: कपडे होते, ते गेले. द्यूतसभेतल्या द्रौपदीपासून ‘विवस्त्र करून मारहाण’ या बातमीपर्यंत शब्दाला बळजोरीचा वास आहे. संमतीने, ठरवून काढलेल्या छायाचित्राखाली तो नको. ‘अनावृत’ म्हणजे झाकलेले नाही, इतकेच. पुतळ्याचे ‘अनावरण’ याच कुळातले, त्यामुळे कानाला सभ्य वाटतो. जरा जास्तच सभ्य, असे माझे मत. त्यात एक खड्डाही आहे. बरेच जण ‘अनावृत्त’ लिहितात. ‘आवृत्त’ म्हणजे परतलेला. ‘आवृत्ती’ त्याचीच बहीण. तेव्हा ‘अनावृत्त देह’ म्हणजे न परतलेला देह. पाटी छापण्याआधी तो ‘त’ तपासा, पुण्यात कोणीतरी पेनने दुरुस्त करून जाईलच. नाम हवे असेल तर ‘अनावृतता’ जिभेवर अडते. ‘नग्नता’ सरळ आहे.

‘नागडा’ हा ‘नग्न’चाच नातू, पण तो आंघोळीआधीच्या पोराला किंवा शिवीत. ‘उघडा’ इथे फसवतो: उघडाबंब बसलेल्या आजोबांनी धोतर नेसलेले असते.

‘अश्लील’ हा या रांगेतला शब्दच नव्हे, तो कायद्याचा. भारतीय दंड संहितेचे कलम २९२, आता न्याय संहितेचे २९४. टेनिसपटू बोरिस बेकरच्या एका छायाचित्रावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की नग्न वा अर्धनग्न स्त्रीचे चित्र तेवढ्यावरून अश्लील ठरत नाही. म्हणून प्रवेशद्वारी ‘हे अश्लील नाही, कला आहे’ अशी पाटी लावू नका. ज्याच्या डोक्यात तो शब्द नव्हता त्याच्याही तुम्ही घालाल.

तर वापरायचे काय? कलाप्रकाराचे नाव म्हणून ‘न्यूड’ देवनागरीत बिनधास्त लिहा. २०१८ साली रवी जाधवांनी मराठी चित्रपटालाच ते नाव दिले. माहितीपत्रकातल्या सलग मजकुरात ‘नग्न देह’. एकेका चित्राखाली मात्र यातले काहीच बहुधा लागत नाही. अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनच्या १९३६च्या प्रसिद्ध छायाचित्रात दारातल्या उन्हात बसलेल्या स्त्रीचा चेहरा दिसतच नाही. दिसतो तो केसांचा भांग आणि हातापायांची घडी. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँटने समुद्रकिनारी वाइड अँगलने टिपलेला कान चौकटभर पसरतो. कानाला ‘नग्न’ काय म्हणणार? तुमच्या पाटीचा साचा असा ठेवा: ‘पाठ, खिडकीचा उजेड. जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, १६ × २० इंच.’

आणि ‘मॉडेल’ला ‘प्रतिकृती’ करू नका. प्रतिकृती शनिवारवाड्याची होते, माणसाची नाही.