अर्थशास्त्राची पदवी नसताना सी. डी. देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कसे झाले?

तुमचा प्रश्न वाचला आणि आजोबांच्या ट्रंकेतली दहाची जुनी नोट काढून समोर ठेवली. चित्र सहाव्या जॉर्जचं, सही सी. डी. देशमुखांची. राजा परका, पण सही महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या माणसाची.

पदवीचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले. १९१८ मध्ये आयसीएसला, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सनदी सेवेच्या परीक्षेला, पहिले आले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात रुजू झाले. तिथेच पुढे प्रांताचं अर्थखातं सांभाळता सांभाळता पैशाचा व्यवहार त्यांच्या हाती बसला.

रिझर्व्ह बँकेत ते १९३९ मध्ये आले, सरकार आणि बँक यांच्यातले संपर्क अधिकारी म्हणून. मग सचिव, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर जेम्स टेलर वारले आणि ऑगस्टमध्ये देशमुख गव्हर्नर झाले, पहिले भारतीय.

तेव्हा युद्ध पेटलेलं होतं. ब्रिटन इथला माल उचलायचं, पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा करायचं आणि त्या जमेवर इथे नोटा निघायच्या. माल बाहेर, नोटा घरात, भाव भडकले. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवायला १९४४ मध्ये अमेरिकेत भरलेल्या ब्रेटन वूड्स परिषदेत आपल्या शिष्टमंडळाने या अडकलेल्या पौंडांचा प्रश्न लावून धरला. देशमुख त्या शिष्टमंडळात होते.

मला मात्र सगळ्यात अवघड वाटतो तो फाळणीनंतरचा काळ. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती! नाशिकला छापलेल्या आपल्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' हा मजकूर घालून त्या तिकडे चालत. काश्मीरमध्ये लढाई चालू, फाळणीच्या वाटणीतले पाकिस्तानला द्यायचे ५५ कोटी रुपये दिल्लीने रोखलेले, आणि दोन्ही सरकारांची खाती याच बँकेत. अशा वेळी काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात सापडणार होतं?

१९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. बँकेतली ही वर्षं मात्र मागे पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. बँकेचा संशोधन आणि सांख्यिकी विभागसुद्धा त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये उभा राहिला. अर्थतज्ज्ञांना आकडे घेऊन बसायला बँकेत हक्काची जागा मिळाली, ती वनस्पतिशास्त्र शिकलेल्या गव्हर्नरच्या काळात.