रोज तासभर चालूनही पोट उतरत नाही, भात आणि रात्रीचं जेवण बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की वय 34, वजन 86, बसून काम, चार महिने झाले रोज सकाळी तासभर चालताय तरी काटा हलेना, म्हणून आता भात आणि रात्रीचं जेवण दोन्ही बंद करायचा विचार आहे. नका करू एवढंच आधी सांगतो. मी बेळगावचा, वडगावात राहतो, दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसायचं काम, तीन वर्षांमागं माझं वजन 88 होतं आणि मी पण वर्षभर इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नेमानं चालूनसुद्धा तिथल्या तिथंच होतो, त्यामुळं तुमचा जीव किती वैतागला असेल ते मला ठाऊक आहे.

चालण्यानं होतं काय, तर तुमच्या वजनाचा माणूस तासभर झपझप चालला तर साधारण 300 कॅलरी जातात. एक किलो चरबी म्हणजे जवळपास 7700 कॅलरी. म्हणजे खाण्यात काहीच वाढ झाली नाही तरी एक किलो उतरायला पंचवीस-सव्वीस दिवस लागतात, आणि चालून आल्यावर ग्रुपबरोबर एक लोणी डोसा अन् साखरेचा चहा झाला की त्या दिवसाचं चाललेलं सगळं परत आलं. माझं वर्षभर हेच चाललेलं आणि वर भूक लागते म्हणून दुपारी एक भाकरी जास्त जायची.

माझा खरा फरक पडला तो तेलावर. आमच्या घरी आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. एका रात्री वही घेऊन बसलो. पाच लिटर म्हणजे साडेचार किलो तेल, ग्रॅममागं 9 कॅलरी, चार माणसं, तीस दिवस, माणशी रोजच्या 340 कॅलरी नुसत्या तेलातनं. माझं तासभराचं चालणं त्यात बुडून वर उरत होतं. दुसऱ्या दिवशी आई आमटीला फोडणी घालत होती तेव्हा तिची पळी चमच्यानं मोजून बघितली, पाच चमचे तेल भरलं. आई म्हणाली, "अरे तवंग आल्याशिवाय आमटी आमटी दिसती काय?" तिचं पण खरं आहे, तिनं आयुष्यभर तसंच केलंय, तिच्यावर चिडून काय उपयोग. मी एवढंच केलं की एक तारखेला कॅनवर मार्करनं तीन लिटरवर रेघ मारली आणि सांगितलं, महिना यात काढायचा, कसा काढायचा ते तुम्ही ठरवा. पहिल्या महिन्यात साडेतीन लागलं, तिसऱ्या महिन्यात तीनमध्ये बसलं. भजी बंद झाली नाहीत, रविवारवर गेली.

आता भात. आपल्या बेळगाव-खानापूर भागात भात सोडून माणूस किती दिवस राहील? फार तर पंधरा दिवस, मग एखाद्या लग्नात बसून दोन ताटं. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 130 कॅलरी असतात आणि 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत 175 च्या आसपास, म्हणजे भात काय दुश्मन नाही, ताटात किती वाढून घेतोय ते बघायचं. मी ताटात आधी उसळ, पालेभाजी, काकडी-कांदा घेतो, ते अर्धं संपलं की भाकरी एक, शेवटी वाटीभर भात. पोट आधीच भरत आलेलं असतं. शेंगदाण्याची चटणी मात्र जपून घ्या, 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी आणि आपण त्यावर परत तेल ओततो. कुंदा वगैरे महिन्यातनं एकदा, चवीनं खावा.

प्रोटीन वाढवा, हे मनापासून सांगतो, कारण नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायू पण जातात आणि माणूस वाळलेला दिसतो पण पोट तसंच. तुमचं 72 वर यायचं ठरलं तर किलोमागं 1.2 ग्रॅम धरून रोज साधारण 86 ग्रॅम लागेल. अंड्यातनं 6 ग्रॅम मिळतं, मोड आलेली मटकी, दही, रविवारचं चिकन, आणि सोयाचंक्स, ते तर 50 ग्रॅम भिजवले की 25 ग्रॅम प्रोटीन आलं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास केला म्हणून वजन उतरंल असं समजू नका, साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्चच.

व्यायामात चालणं चालू ठेवा पण आठवड्यातनं तीन दिवस ताकदीचं काम पाहिजेच. जिमला पैसे घालायलाच पाहिजेत असं नाही. आपल्याकडं तालमीत पोरं जोर-बैठका मारतात, तेच करा, पहिल्या आठवड्यात 10 बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर, मग हळूहळू वाढवायचं. मी असंच केलं, आणि इथला पाऊस जून ते सप्टेंबर बाहेर पाय टाकू देत नाही तेव्हा या बैठकांनीच मला सांभाळलं. पोटाचे व्यायाम करून फक्त पोट उतरत नाही, चरबी कुठली आधी जाणार ते आपल्या हातात नसतं.

काट्यावर रोज चढू नका, पाण्यामुळं किलो-दीड किलो खालीवर होतंच. टेलरच्या टेपनं पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत कंबर मोजा, पोट आत न ओढता. पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या खाली हवी. माझी 104 होती, आता 91 आहे, वजन 76, अकरा महिने लागले, आणि मधे दोन महिने काटा अजिबात हलला नव्हता पण पँट सैल होत होती. आठवड्याला अर्धा किलो गेला तरी भरपूर समजा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरना विचारा, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

तुमच्या घरी माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं तेवढं खाली लिहा, हिशोब मी करून देतो.