टूक म्हणजे कानटोपीच का?

प्रश्न असा आलाय: भाची टोरांटोला शिकायला गेलीय आणि फोनवर सारखं ‘टूक विसरले’, ‘नवी टूक घेतली’ असं बोलते. हा स्लँग आहे का, आपल्या टोपीशी त्याचं काही नातं आहे का आणि मराठीत काय म्हणायचं?

स्लँग नाही हो, कॅनडात हा अगदी रोजचा शब्द आहे. अमेरिकेत जिला बीनी म्हणतात ती विणलेली लोकरीची टोपी, वर गोंडा असो नसो, कॅनडात टूकच. स्पेलिंगचा मात्र आनंदीआनंद आहे, दोन-तीन तऱ्हांनी लिहितात आणि त्यातलं एक स्पेलिंग शेफच्या त्या उंच पांढऱ्या टोपीचंही आहे, फक्त तिचा उच्चार ‘टोक’. (सुईच्या टोकाशी काही संबंध नाही, आधीच सांगतो, कारण कुणीतरी तो जोडणारच.)

शब्द आला क्युबेकच्या, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताच्या, फ्रेंचमधून, बहुतेक कोश त्याला त्याच फ्रेंच ‘टोक’चं तिकडचं रूप मानतात. फरच्या व्यापारात होड्या वल्हवत दूरदूर जाणारे फ्रेंच कॅनेडियन, ज्यांना व्हॉयाजर म्हणायचे, त्यांचा वेष म्हणजे डोक्यावर लाल टूक नि कमरेला विणलेला रंगीत पट्टा. जुनी टूक विणायची रीत मला जाम आवडते, दोन्हीकडून निमुळती, बंद अशी लांब नळी विणायची आणि अर्धी बाजू उरलेल्या अर्ध्यात ढकलायची, झाली दुहेरी टोपी! पुढे १८३७-३८ च्या क्युबेकमधल्या उठावात ही साधी शेतकऱ्याची टोपी बंडखोरांची खूण होऊन बसली. आंरी ज्युलियँ या चित्रकाराने नंतर काढलेल्या म्हाताऱ्या बंडखोराच्या डोक्यावर टूक आहे, तोंडात पाइप आणि हातात बंदूक, आणि १९७० मध्ये क्युबेक स्वतंत्र करायला निघालेल्या सशस्त्र गटाने आपल्या जाहीरनाम्यावर तोच म्हातारा वापरला.

गंमत म्हणजे पक्के कॅनेडियन वाटणारे पार्का आणि अनोरॅक (दोन्ही थंडीत घालायची टोपीवाली जाकिटं) हे शब्द बाहेरचे, पहिला सायबेरियातल्या नेनेट्स भाषेतून रशियनमार्गे आलेला, दुसरा ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा. टूकचं हे रूप मात्र तिथेच घडलेलं.

टोपीशी नातं लावायला मला काही आधार दिसत नाही, ‘ट’ जुळतो एवढंच.

मराठीत माझं मत कानटोपीला. माकडटोपी नको, ती हनुवटी-गळा सगळं गुंडाळते, टूक कानापाशीच थांबते. आणि नुसतं टोपी म्हणणार असाल तर वाक्य जपून करा, ‘भाचीला टोपी घातली’ म्हणालात तर घरचे विचारतील, कुणी फसवलं पोरीला, किती पैसे गेले?