करारपत्रावर सही करण्यापूर्वी

सोलापूर

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. मालवाहू विमान कंपनीचे वैमानिकपदाचे करारपत्र हाती आल्याचे तू कळवलेस, ते वाचून मला मनापासून आनंद झाला. महिन्याला सत्तर तासांचा पगार नक्की आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला वाढीव दर, म्हणजे प्रशिक्षणाचे कर्ज चार वर्षांत फिटेल, असा हिशेब तू मांडला आहेस. आकडे बरोबर आहेत. मात्र त्यातला 'तास' म्हणजे नेमका कोणता तास, हे तू कंपनीला विचारलेले दिसत नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या एका शब्दाविषयीच आहे.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणत. मजुरी नगावर असे. वीज गेली की धोटा अर्ध्या वाटेत अडके आणि वडील मागाशेजारी उकिडवे बसून राहत. वीज केव्हा येईल ते कोणालाच ठाऊक नसल्यामुळे घरी जाण्याची सोय नव्हती. बारा तासांनी ते परतत आणि मजुरी मिळे ती सात तासांत जेवढे विणून झाले असेल तेवढ्याची. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपुढील कामाला दुप्पट दर ठरवून दिला होता, पण नगावर राबणाऱ्या त्यांच्यापर्यंत तो कधी पोहोचला नाही. वैमानिक झाल्यावर आपली यातून सुटका झाली, असे मला वाटले होते.

वैमानिकाचे वेतनाचे तास बहुतेक ठिकाणी 'ब्लॉक टाइम'ने मोजतात. विमान उड्डाणासाठी जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि मुक्कामाच्या जागी थांबले की बंद होते. एका पावसाळ्यात मी रात्री आठपासून स्टँडबायवर, म्हणजे फोन येताच निघायच्या तयारीत, होतो. साडेदहाला फोन आला, साडेअकराला मी विमानापाशी पोहोचलो. मालाचा एक ट्रक घाटात अडकला होता. तो आल्यावर एका पॅलेटचे, म्हणजे माल बांधलेल्या फळीचे, वजन कागदाशी जुळेना, म्हणून ते उतरवून पुन्हा तोलले आणि लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा तक्ता, नव्याने केली. विमान हलले तेव्हा तीन पन्नास झाले होते आणि पाच पंचवीसला आम्ही पोहोचलो. उतरण्याच्या तयारीत हवाई नियंत्रकाने चार हजार फूट उंची सांगितली आणि मी तीन हजार लावली. फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, ते लगेच लक्षात आले, म्हणून पुढे काही घडले नाही. त्या रात्रीचे माझे वेतनाचे तास भरले एक तास पस्तीस मिनिटे. महिनाअखेरीस बेरीज अडुसष्ट तासांची झाली, त्यामुळे ओव्हरटाइमचा प्रश्नच उरला नाही. मी विचारायला गेलो, तेव्हा संबंधित अधिकाऱ्याने करारातले कलम शांतपणे पुढे केले. त्याखाली माझीच सही होती.

हे अनिश्चित वेळापत्रक नेहमी कोणाच्या दुष्टपणातून येते असे नाही. प्रवासी आठवडे आधी तिकीट काढतो, माल मात्र संध्याकाळी दुकान बंद होताना निघतो आणि सकाळी पोहोचावा लागतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हाही मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत. हा धंदा रात्रीचाच आहे. होटगी रस्त्यावरून दिवसा उडणारी विमाने पाहून शेजारीपाजारी तुझे कौतुक करतील, परंतु तुझे काम पहाटे दोन ते सहा या, शरीर सर्वांत मंदावलेल्या वेळेतले असेल.

विश्रांतीचे नियम आपले रक्षण करतील, असे तुला वाटत असेल, तर अमेरिकेतले उदाहरण ध्यानात ठेव. २००९ मध्ये बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून पन्नास माणसे गेली, त्यानंतर तेथे वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम तयार झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये लागू झाले. मालवाहू वैमानिकांना मात्र त्यांतून वगळले गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये बर्मिंगहॅम येथे पहाटेच्या अंधारात एक मालवाहू विमान धावपट्टीअलीकडे कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले. आपल्याला त्या नियमांतून वगळल्याबद्दल ते दोघे त्याच उड्डाणात आपसांत बोलत होते, हे ध्वनिमुद्रणातून पुढे आले. ते वाचल्यानंतर कित्येक रात्री मला झोप लागली नव्हती. तेथील कामगार कायद्यातली ओव्हरटाइमची तरतूदही विमान कंपन्यांच्या वैमानिकांना लागू नाही. जे मिळते ते संघटनांनी करारात भांडून मिळवलेले आहे. कित्येक करारांत ड्युटीच्या दर दोन तासांमागे किमान एक तासाचे वेतन धरतात, मग विमान हलो वा न हलो. तुझ्या करारात असे काही आहे का, हे सर्वांत आधी पाहा.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम काढले. आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने झाली. तरीही तुझ्या कंपनीची ड्युटी आणि विश्रांतीची मंजूर योजना स्वतः मागून वाच, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. स्टँडबायचे तास कसे धरतात, दुसऱ्या शहरातले विमान घ्यायला प्रवासी म्हणून पाठवले तर काय देतात आणि जाहीर झालेले रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, बदलले तर भरपाई आहे का, हे लेखी विचार. उत्तर द्यायला कंपनी काचकूच करू लागली, तर त्यातूनही तुला पुष्कळ कळेल.

पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेव. लॉगबुकात उड्डाणाचे तास येतात. तू या वहीत जाग आल्याची वेळ, फोनची वेळ, विमानतळावर पोहोचल्याची वेळ आणि पुन्हा पाठ टेकल्याची वेळ लिही. कधी ओव्हरटाइमसाठी एक जादा फेरी घेण्याची गळ घातली जाईल. तेव्हा त्या वहीत जागे तास सतरापुढे जाताना दिसले, तर थकव्याचे कारण लेखी देऊन नकार दे. कर्जाचा एक हप्ता लांबला तर बँकेशी बोलता येते, आणि त्यासाठी तुझ्याबरोबर मीही येईन.

सही सोमवारी करायची आहे ना? मग रविवारी चारनंतर करारपत्र घेऊन घरी ये. वेतनाचे परिशिष्ट विसरू नकोस, तास कसे मोजतात ते बहुधा तिथेच लिहिलेले असते.

तुझा,
काका