व्यायामातले ‘एरोबिक’ आणि जीवशास्त्रातले ‘एरोबिक’ एकच आहे का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: व्यायामाच्या संदर्भात ऐकू येणारे ‘एरोबिक’ आणि जीवाणूंच्या संदर्भात वाचनात येणारे ‘एरोबिक’ एकच आहे का, धाप लागली की शरीर ‘ॲनेरोबिक’ होते हे खरे का, आणि सूर्यनमस्कार यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि हे प्रश्न वर्गातही नेहमी येतात. ‘एरोबिक’ म्हणजे ऑक्सिजनच्या साहाय्याने चालणारे आणि ‘ॲनेरोबिक’ म्हणजे ऑक्सिजनविना चालणारे; दोन्हीकडे मूळ रासायनिक प्रक्रिया एकच आहे. मात्र जीवशास्त्रात हे विशेषण एखाद्या सजीवाला किंवा प्रक्रियेला लावले जाते, तर व्यायामात एखाद्या हालचालीसाठी लागलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा कोणत्या मार्गाने आला, एवढेच ते सांगते. बहुतेक गैरसमज हा फरक नजरेआड झाल्यामुळे होतात.

सुरुवात जीवाणूंपासून करणे सोयीचे आहे, कारण ही संकल्पना तेथूनच आली. १८६१ मध्ये लुई पाश्चर ब्युटिरिक आम्ल तयार करणाऱ्या किण्वनाचा (आंबण्याच्या प्रक्रियेचा) अभ्यास करत असताना त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक अनपेक्षित गोष्ट दिसली. काचेखाली ठेवलेल्या थेंबाच्या मध्यभागी जीवाणू चपळपणे फिरत होते, परंतु थेंबाच्या कडेला, म्हणजे जेथे हवेचा संपर्क होता तेथे, ते निश्चल झाले होते. हवेशिवाय जीवन नाही असे मानले जाण्याच्या त्या काळात हवा ज्यांना सोसत नाही असे सजीव समोर आले होते. पुढे पाश्चर यांनीच हवेत जगणारे (एरोबिक) आणि हवेविना जगणारे (ॲनेरोबिक) अशा दोन गटांना वेगवेगळी नावे दिली आणि ती नावे सर्वत्र रुळली.

आज हे वर्गीकरण थोडे अधिक बारकाईने केले जाते. क्षयाच्या जीवाणूला ऑक्सिजन आवश्यक असतो आणि प्रौढांमध्ये हा रोग अनेकदा फुप्फुसाच्या वरच्या, ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असलेल्या भागात आढळतो. धनुर्वाताच्या जीवाणूला मात्र ऑक्सिजन घातक असतो, म्हणून वरवरच्या खरचटण्यापेक्षा खिळा खोलवर रुतून झालेली जखम अधिक धोकादायक ठरते. गोबर गॅसच्या संयंत्रातील मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवही हवाबंद टाकीतच काम करतात. यीस्टसारखे काही सजीव दोन्ही परिस्थितींत जगतात. हवा मिळाली तर यीस्ट साखरेचे संपूर्ण ज्वलन करते, आणि हवा नसेल तर तिच्यापासून अल्कोहोल तयार करून वेळ निभावते. हवा असताना यीस्ट चांगले वाढते आणि तरीही वाढीच्या मानाने साखर कमी वापरते, हे पाश्चर यांच्याच लक्षात आले होते. असे का होते, याचे उत्तर पेशीतील ऊर्जेच्या हिशेबात आहे.

पेशीतील जवळपास प्रत्येक काम एटीपी नावाच्या रेणूच्या बळावर चालते. ग्लुकोजचे विघटन सुरू होते ते पेशीद्रवात, आणि या पहिल्या टप्प्याला ऑक्सिजनची गरज मुळीच नसते. त्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात आणि निव्वळ २ एटीपी पदरात पडतात. पुढचे सर्व टप्पे, म्हणजे क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी, तंतुकणिकेत (पेशीतील मायटोकाँड्रियामध्ये) पार पडतात, आणि तेथे एकूण उत्पन्न सुमारे ३० ते ३२ एटीपीपर्यंत पोहोचते. (अनेक पाठ्यपुस्तकांत अजूनही ३८ हा आकडा आढळतो. परीक्षेत तोच लिहावा, पण प्रत्यक्षात तेवढे एटीपी मिळत नाहीत.) ऑक्सिजनचे काम या साखळीच्या अगदी शेवटी येते. साखळीतून आलेले इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमध्ये जातो असे अनेकांना वाटते, परंतु त्याचे रूपांतर पाण्यात होते.

शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारणारे कोणी नसले की संपूर्ण साखळी तुंबते आणि पेशीला पहिल्या टप्प्यावरच भागवावे लागते. तो टप्पा चालू राहावा म्हणून यीस्ट पायरुविक आम्लापासून अल्कोहोल बनवते, तर आपले स्नायू लॅक्टेट बनवतात. हवा असताना यीस्टला कमी साखर का पुरते ते आता स्पष्ट व्हावे: दोनऐवजी तीस एटीपी देणारा मार्ग उपलब्ध असेल, तर तेवढ्याच कामाला इंधन कमी लागते.

या संदर्भातील माझे आवडते उदाहरण तांबड्या रक्तपेशींचे आहे. सगळ्या शरीराला ऑक्सिजन पोहोचवणाऱ्या या पेशींमध्ये तंतुकणिकाच नसतात, त्यामुळे त्यांना स्वतःला त्या ऑक्सिजनचा ऊर्जेसाठी काहीही उपयोग करता येत नाही आणि त्यांचा सगळा निर्वाह ऑक्सिजनविरहित मार्गावर चालतो. म्हणजे मनुष्यासारख्या पूर्णपणे एरोबिक सजीवाच्या अंगात, तेही ऑक्सिजनने ओथंबलेल्या ठिकाणी, कायमस्वरूपी ॲनेरोबिक पेशी असतात. एखादी प्रक्रिया ॲनेरोबिक आहे याचा अर्थ तेथे ऑक्सिजनचा अभाव आहे असा होतोच असे नाही, ही गोष्ट या उदाहरणावरून लक्षात ठेवावी, कारण व्यायामाकडे वळताना तिची गरज पडणार आहे.

व्यायामाच्या संदर्भात हा शब्द घरोघरी पोहोचला तो १९६८ नंतर. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी त्या वर्षी याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. हृदय आणि फुप्फुसे यांना दीर्घकाळ कामाला लावणारे चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालवणे असे व्यायाम त्यात मांडले होते. बारा मिनिटांत किती अंतर धावता येते यावरून तंदुरुस्ती मोजण्याची चाचणीही त्यांचीच. संगीताच्या तालावरचे एरोबिक्सचे वर्ग नंतर आले, आणि आज अनेकांना या शब्दावरून फक्त तेच आठवतात. नाचाचा तो प्रकार एरोबिक असतो हे खरे, परंतु भाजी आणायला झपझप चालत जाणेही तितकेच एरोबिक असते.

आता दुसरा प्रश्न. ‘आधी एरोबिक, मग धाप लागली की ॲनेरोबिक’ असे चित्र अनेक प्रशिक्षकही रंगवतात. ते मला मान्य नाही. स्नायूला ऊर्जा पुरवणारे मार्ग पहिल्या सेकंदापासून एकाच वेळी चालू असतात. साठवलेले एटीपी जेमतेम दोन-तीन सेकंद पुरते आणि क्रिएटिन फॉस्फेट हे स्नायूत साठवलेले दुसरे ऊर्जादायी संयुग जोरदार हालचालीत सुमारे दहा सेकंद साथ देते. ग्लुकोजचे ऑक्सिजनविरहित विघटन झपाट्याने वेग घेते, तर ऑक्सिजनवर चालणारा मार्ग पूर्ण भरात यायला एक-दोन मिनिटे घेतो, पण एकदा भरात आला की तासन्‌तास टिकतो. नळाची धार पूर्ण सोडूनही पाणी कमी पडले तर आपण जोडीला पिंपातून पाणी घेतो, पण म्हणून नळ बंद करत नाही. तसेच येथे होते. वेग वाढला की ॲनेरोबिक पुरवठ्याची भर पडते, आणि त्या वेळीही एरोबिक पुरवठा चालूच असतो.

म्हणूनच एखाद्या शर्यतीला शिक्का मारण्याऐवजी तीत कोणत्या मार्गाचा वाटा किती, हे पाहणे योग्य ठरते. सर्व शक्ती पणाला लावून केलेली हालचाल साधारण सव्वा मिनिट चालली तर दोन्ही मार्गांचा वाटा जवळपास समसमान होतो. त्याहून कमी वेळात ॲनेरोबिक वाटा मोठा असतो आणि जास्त वेळात एरोबिक. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांची ३००० मीटर स्टीपलचेस घ्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरील उडी असते. शेवटच्या फेरीत धावपटूंची अवस्था पाहिली तर कोणीही म्हणेल की हा सगळा ॲनेरोबिक मामला आहे. परंतु आठ मिनिटांच्या अशा धावण्यात ऊर्जेचा फार मोठा वाटा, ८५ टक्क्यांहून अधिक, ऑक्सिजनच्या मार्गानेच येतो. धाप लागणे हे तो मार्ग बंद पडल्याचे लक्षण नसून तो पराकाष्ठेने चालत असल्याचे लक्षण आहे.

येथे लॅक्टेटविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याची फार बदनामी झाली आहे. स्नायूत लॅक्टेट तयार होण्यासाठी ऑक्सिजन संपावाच लागतो असे नाही. पहिला टप्पा तंतुकणिकांच्या कुवतीपेक्षा वेगाने धावू लागला की ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ते साठते. शिवाय ते टाकाऊ नसते: हृदयाचा स्नायू आणि सावकाश आकुंचन पावणारे स्नायुतंतू ते इंधन म्हणून वापरतात, आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचा दोष लॅक्टेटला देणे तर सर्वस्वी चुकीचे आहे, कारण ते तास-दीड तासातच रक्तातून नाहीसे झालेले असते.

कबड्डीविषयी विद्यार्थी हमखास विचारतात की चढाई करणारा दम धरून असतो, म्हणून ती ॲनेरोबिक का? चढाईतील ऊर्जा मुख्यतः ॲनेरोबिक मार्गाने येते हे बरोबर आहे, परंतु कारण दम धरण्याचे नाही. त्या हालचाली काही सेकंदांच्या आणि अत्यंत जोरकस असतात, हे कारण आहे. उलट दोन चढायांच्या मधल्या वेळेत खर्च झालेले क्रिएटिन फॉस्फेट भरून काढण्याचे काम एरोबिक मार्ग करतो. त्यामुळे चाळीस मिनिटांच्या सामन्याच्या अखेरीसही ज्याच्या चढाईला धार असते, त्याची एरोबिक क्षमता सहसा चांगली असते.

ही क्षमता सरावाने वाढते. १९६७ मध्ये जॉन हॉलॉझी यांनी उंदरांना धावपट्टीवर धावायला लावून दाखवले की सरावाने स्नायूंमधील तंतुकणिका आणि त्यांतील विकरे (एन्झाइम) लक्षणीय वाढतात. त्याबरोबर स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्या वाढतात आणि हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकू लागते. चरबीचा ऊर्जेसाठी वापर केवळ तंतुकणिकेत आणि केवळ ऑक्सिजनच्या साहाय्याने होतो, त्यामुळे ही वाढ त्या दृष्टीनेही उपयोगी पडते.

राहिले सूर्यनमस्कार. त्यांचा प्रकार आसनांवर ठरत नाही, वेग आणि सलगता यांवर ठरतो. प्रत्येक स्थितीत थांबून, श्वास सांभाळत बारा नमस्कार घातले तर ते मुख्यतः ताण देणारे, लवचिकता वाढवणारे सौम्य व्यायाम ठरतात. न थांबता दहा-पंधरा मिनिटे अशा वेगाने घातले की एखादे वाक्य बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, तर तो मध्यम तीव्रतेचा एरोबिक व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेल्या आठवड्याच्या १५० ते ३०० मिनिटांत तो वेळ धरायला हरकत नाही.