माळ्यावर पडलेला २००९ चा कॉम्प्युटर पुन्हा चालू होईल का?

तुम्ही विचारलं आहे की नाशिकच्या सिडकोतल्या घरी २००९ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आठ वर्षांपासून माळ्यावर आहे, भंगारवाला त्याचे तीनशे रुपये देतोय, तो चालू होईल का आणि नववीतल्या मुलीच्या अभ्यासाला पुरेल का.

आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत त्याला वायर लावून बटण दाबू नका. ‘बघू तरी चालतो का’ म्हणून लोक सरळ प्लग लावतात आणि आठ वर्षांत जे बिघडलं नव्हतं ते आठ सेकंदांत बिघडवून बसतात. आत धूळ असते, पावसाळ्याची ओल असते, कधी झुरळांचं घर असतं, पंखा जाम झालेला असतो.

मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि बरीच वर्षं संध्याकाळी लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर उघडून बसतो. माझ्या अंदाजाने तुमचा चालू होईल. वयावरून निकाल लावू नका. या वयाच्या मशीनमध्ये जातं ते ठरलेलं असतं: बॅटरी, पंखे, कपॅसिटर, हार्ड डिस्क, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). प्रोसेसर गेलेला मी क्वचितच पाहिला.

वीज देण्याची घाई का करू नये हे मी पुरात शिकलो. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं, ज्यावरून पुराची पातळी बघतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे सगळे एकमेकांना विचारत होते. त्या भागातल्या एका दुकानदाराने दोन दिवसांनी दोन सीपीयू माझ्याकडे आणले. दोन्ही गाळाने भरलेले. एक त्याने तसाच चालू करून पाहिला होता, त्याचा बोर्ड जळला होता. दुसऱ्याला हात लावला नव्हता. तो मी सगळा सुटा केला, बॅटरी काढली, बोर्ड स्वच्छ पाण्याने धुतला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसला. ऑगस्टात ऊन कुठलं, म्हणून पंख्याखाली दहा दिवस ठेवला. अकराव्या दिवशी तो चालू झाला आणि पुढे तीन वर्षं त्या दुकानात बिलं काढत होता. नुसत्या पाण्याने बोर्ड सहसा मरत नाही, ओल्या बोर्डाला वीज दिली की मरतो. हार्ड डिस्क मात्र वाचली नाही. तिला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत गेला होता. सीएकडे हिशेबाची प्रत होती म्हणून तो माणूस निभावला.

म्हणून तुमचं पहिलं काम हार्ड डिस्क काढण्याचं. वेगळ्या पॉवर अडॅप्टरसकट साटा टू यूएसबी केबल मिळते, ती लावून कुणाच्या तरी लॅपटॉपवर आधी फोटो उतरवून घ्या. डिस्क टक-टक आवाज करू लागली तर लगेच बंद करा. तेव्हाचे मराठी दस्तऐवज उघडल्यावर विचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका. त्या काळात श्रीलिपी, शिवाजी असे युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेले फॉन्ट सर्रास वापरत. मजकूर शाबूत असतो, फक्त युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

मग कॅबिनेट गॅलरीत नेऊन उघडा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मदरबोर्डवर प्रोसेसरभोवती छोट्या पिंपांसारखे कपॅसिटर दिसतील. त्यांची टोपी सपाट हवी. फुगलेली असेल किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल तर तो गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले होते. तुमचा बोर्ड त्यानंतरचा आहे, तरी बघाच. बदलायचे झाले तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) घ्या, आणि उणे बाजूचा पट्टा नीट बघा. उलटा बसला तर फुटतो.

बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी सीआर२०३२ आहे. नवी ३ व्होल्ट दाखवते. आठ वर्षांनी ती संपलेलीच असणार, न मोजता बदला. ती मेली की मशीनची तारीख दर वेळी मागे जाते. मग ब्राउझर वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं नाकारतो आणि माणसाला वाटतं इंटरनेट बिघडलंय. माझ्याकडे ‘नेट चालत नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी मशिन्सना फक्त ही बॅटरी हवी होती.

रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि भुगा झटका. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी वाळली असेल. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा.

एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. माहीतगाराकडून तो बाहेरूनच मल्टिमीटरने तपासून घ्या. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. शंका आली तर नवा घ्या. पैसे वाचवायची जागा ही नव्हे, खराब एसएमपीएस बाकी सगळं घेऊन जातो.

आता एकच रॅम लावा, डिस्क लावू नका, मॉनिटर जोडा आणि बटण दाबा. बोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असू द्या. एक आखूड बीप आला की पेढे वाटा.

त्या वर्षीच्या असेंबल मशिन्समध्ये इंटेल जी३१ चिपसेटचा बोर्ड फार असायचा. तसा असेल तर त्यावर डीडीआर२ रॅम ४ जीबीपर्यंतच चालते. २ जीबीच्या दोन घ्या. पूर्वी मी अशा वस्तू अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारातून वेचून आणायचो. २०१७ मध्ये महापालिकेने तिथे अतिक्रमण हटवायची मोठी मोहीम काढली, आता मी एमजी रोडच्या दुकानांत जुना माल आहे का विचारतो. दुसरा खर्च साटा एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कचा. या बोर्डवर तिचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी जुन्या डिस्कचं फिरतं डोकं फाइल शोधण्यात जो वेळ घालवायचं तो वाचतो आणि मशीन ओळखू येत नाही. याहून जास्त पैसे त्यात घालू नका.

विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि विंडोज ११ या मशीनला स्वीकारणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिब्रे ऑफिस आहे.

मुलीला पीडीएफ वाचणं, निबंध टाइप करणं, स्क्रॅच, पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकणं यासाठी तो नक्की पुरेल. व्हिडिओ ४८० पिक्सेलवर बघावे, वर गेलं की अडखळतात. कॅमेऱ्याचा ऑनलाइन क्लास त्यावर धरू नका, त्याला मोबाइल बरा.

आत पेंटियम ४ हा आणखी जुना प्रोसेसर निघाला तर मात्र मी खर्च करू नका म्हणेन. शेवटच्या काळातले काही पेंटियम ४ एकटेच ११५ वॉटपर्यंत उष्णता टाकत आणि काम त्यानंतरच्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरपेक्षा फार कमी करत. तरी तीनशेला देऊ नका. मागे सीरियल पोर्ट असेल तर अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये विचारा. जुन्या सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या कटिंगच्या) मशीनला प्रोग्राम त्याच पोर्टमधून जातो आणि असा चालू कॉम्प्युटर तिथे शोधत फिरावं लागतं. कुणालाही द्या, हार्ड डिस्क घरीच ठेवा.

बीप एकापेक्षा जास्त आले, तर किती, लांब की आखूड, ते मोजा आणि मदरबोर्डवर छापलेल्या मॉडेलच्या नावासकट इथेच खाली लिहा. मी रोज रात्री बघतो.