शिपिंग-रिसीव्हिंग क्लार्कची नोकरी कशी असते? घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की शिपिंग-रिसीव्हिंग क्लार्कची नोकरी चालून आली आहे, ती देणारे ‘ऑफिसचं काम’ म्हणतात आणि मित्र म्हणतात ‘हमालीच, फक्त हातात पेन’. मी अकरा वर्षं हेच काम करतेय: आलेला माल मोजून घ्यायचा, नोंदवायचा, आणि जाणारा माल पाठवायचा. आधी नुसतं इनवर्ड, म्हणजे आवक होती, आता आवक-जावक दोन्ही. मित्रांचं अर्धं बरोबर आहे. हातात पेन असतं, आणि माणूस गोत्यात येतो तो त्या पेनामुळेच.

पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. एक गाडी आली, चलनावर, म्हणजे मालासोबत येणाऱ्या यादीच्या कागदावर, 54 खोकी. पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळीवर, थप्पी लावून प्लास्टिक गुंडाळलेलं. मी बाहेरून मोजलं: एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, सहा थर. तीन त्रिक नऊ, नऊ सक चोपन्न. सही केली, शिक्का मारला, ड्रायव्हर गेला. दुपारी प्लास्टिक कापलं तर प्रत्येक थरात मधलं खोकं नव्हतं. थप्पी आतून विहिरीसारखी पोकळ. सहा खोकी कमी, आणि ‘54 मिळाली, सुस्थितीत’ याखाली माझी सही. पाठवणारा म्हणाला, तुमच्याच माणसाने 54 लिहून दिलंय. ट्रान्सपोर्टवालाही तेच म्हणाला. चोरी होती की कुणाची थप्पी लावायची पद्धत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून मी थप्पीवर वरून वाकून बघते, आणि वेळ नसेल तर सहीशेजारी लिहिते: ‘1 पॅलेट मिळाली, आतील नग मोजलेले नाहीत’. ड्रायव्हर कुरकुरतात. त्यांचंही खरं आहे, त्यांना पुढची फेरी गाठायची असते. पण ते गेल्यावर कागद बोलतो, आपण नाही.

या शेऱ्याला किती किंमत आहे ते परदेशी मालाच्या नियमांवरून कळतं. एका देशातून दुसऱ्या देशात रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी 1956 चा सीएमआर करार आहे. त्यात वरून दिसणारं नुकसान ताबा घेतानाच नोंदवायचं असतं, न दिसणारं असेल तर रविवार-सुट्ट्या सोडून 7 दिवसांत लेखी कळवायचं. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला हेग-व्हिस्बी नियमांत फक्त 3 दिवस. विमानाने आलेल्या मालाला 1999 च्या माँट्रियल करारात 14 दिवस, आणि ते उलटले की दावाच करता येत नाही. म्हणजे ‘उद्या बघू’ म्हणून कोपऱ्यात सरकवलेलं पार्सल नुसतं पडून नसतं, त्याची मुदत चालू असते. दावा लावणारे लोक वेगळे असतात, पण मुदतीतला कागद तयार करायचा तो आपणच. म्हणून फोटो काढायची सवय लावा: गाडीच्या बंद दाराचा, दाराला लावलेल्या सीलच्या नंबरचा, दार उघडल्यावरचा, मग फुटलेल्या खोक्याचा. याच क्रमाने. नुसत्या फुटक्या खोक्याचा फोटो दाखवला तर ‘तुमच्याच गोडाऊनमध्ये फुटलं’ असं ऐकायला मिळतं.

सील कापण्याआधी नंबर कागदाशी जुळवायचा, कापल्यावर नाही. हे लिहायला बावळटपणाचं वाटतं, पण घाईत हमखास उलटं होतं. कंटेनरच्या नंबराची मात्र मला गंमत वाटते. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा. तो शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना मध्ये एखादा अंक चुकला तर सिस्टीम बहुतेक वेळा लगेच हरकत घेते. चलनाला अशी सोय नाही. ‘12’ म्हणजे 12 नग, 12 डझन की 12 बॉक्स, हे ज्याने लिहिलं त्यालाच माहीत. एककाचा रकाना आधी वाचा, आकडा नंतर.

मोजून झालं की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची आपली नोंद. नवीन माणसाला ही नुसती डेटा एन्ट्री वाटते. प्रत्यक्षात अकाउंट्सवाले पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि इन्व्हॉइस असे तिन्ही कागद जुळले तरच पैसे सोडतात. मागवलं 100, आलं 92, बिल 100 चं, आणि तुम्ही चलन बघून 100 टाकलं, तर आठ नगांचे पैसे तुमच्या बोटाने गेले. उलट माल आलाय पण जीआरएन केला नाही, तर स्टॉकमध्ये तो नाहीच, उत्पादनवाले ओरडतात आणि माल मात्र दारातच पडलेला. महिनाअखेरीला हे दोन्ही एकाच दिवशी होतं. त्या दिवशी संध्याकाळचा कुठलाही बेत ठरवू नका.

पाठवण्याची बाजू मला सोपी वाटते, कारण तिथे चूक निदान आपल्या हातात असते. जो माल शेवटी उतरायचा तो आधी भरायचा. जड खाली, आणि सगळं जड एका टोकाला नाही. कुरिअरने पाठवताना काट्यावरचं वजन पुरत नाही, आकारमानाचं वजनही बघतात. 60 × 50 × 40 सेंटिमीटरचं खोकं घ्या. गुणाकार 1,20,000. बऱ्याच कुरिअर कंपन्या त्याला 5000 ने भागतात, म्हणजे 24 किलो. आत माल 9 किलोचा असला तरी पैसे 24 किलोचेच. मोठ्या खोक्यात हवा पाठवणाऱ्या पॅकिंगवाल्याशी माझं भांडण असतं ते यावरून.

लाकडी पॅलेट परदेशी जाणार असेल तर तिच्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह असलेला शिक्का बघा. लाकडातली कीड मारण्यासाठी गाभा 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवल्याची ती खूण असते, शेजारी एचटी लिहिलेलं. आमची एक खेप आतला माल चोख असूनही बंदरात अडकली होती, कारण आयत्या वेळी कुणीतरी बिनशिक्क्याची पॅलेट खाली सरकवली.

आता हमालीबद्दल. माणसं कमी असली की हात लावावा लागतो, हे खोटं सांगणार नाही. किती, ते जागेवर अवलंबून. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असली, माल अंगाजवळ आणि कंबरेच्या उंचीला असला, तरी 23 किलो ही वरची मर्यादा धरतात. वाकून किंवा वळून उचलायचं तर त्याहून कमी. माझी कंबर पाचव्या वर्षी गेली ती एकदाच उचललेल्या मोठ्या वजनाने नाही, दिवसभर लहान खोकी जमिनीवरून उचलल्याने. पाय दुखतात, डॉकचं, म्हणजे गाड्या लागतात तिथलं, दार उघडंच असतं त्यामुळे उन्हाळा उन्हाळ्यासारखा आणि थंडी थंडीसारखी लागते. फोर्कलिफ्ट मागे येताना फोनवर बोलायचं नाही, बस.

माझं मत विचाराल तर घ्या, पण हो म्हणायच्या आधी गाडी उतरत असताना तासभर तिथे उभं राहू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तेवढ्यावरूनच अंदाज येईल. आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा. न मोजता सही कर असं कुणी सांगितलं तर नकार द्यायचा अधिकार तुम्हाला आहे का? खराब माल परत करायचा निर्णय कोण घेतं, आणि तो माणूस रात्रपाळीला फोन उचलतो का? स्टॉक कमी निघाला तर पगारातून कापतात का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि पहिल्याचं ‘नाही’, तर मी असते तर तिथे गेले नसते.

सेफ्टी शूज ते देतात की आपण आणायचे, तेही विचारून घ्या.